चिकटवहीची स्कॅन केलेली पानं जोडून एकसंध चित्र कसं करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिकटवहीच्या पानावर फोटो, तिकिटं, कात्रणं, रिबिनी आणि हाताने लिहिलेल्या ओळी एकत्र मांडलेल्या असतात. कोणता फोटो कशाशेजारी लावला, तारीख कुठल्या कोपऱ्यात लिहिली, हेही त्या पानाने जपलेलं असतं. म्हणून पान तुकड्यांत स्कॅन करून नुसते तुकडे साठवून ठेवणं मला पटत नाही. ते पडद्यावर पुन्हा अखंड दिसलं पाहिजे. जोड चांगला येणार की वाईट, हे बहुतांशी स्कॅनरच्या काचेवरच ठरून जातं, त्यामुळे खालची बरीचशी उत्तरं सॉफ्टवेअर उघडण्याआधीच्या कामाची आहेत.

माझं पान काचेवर मावत नाही. किती स्कॅन घ्यावे लागतील?

घरगुती स्कॅनरची काच साधारण २१६ × २९७ मिलिमीटर असते. स्क्रॅपबुकचं प्रचलित मोठं पान १२ × १२ इंचांचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी ३०५ मिलिमीटर. रुंदीला ते दोन स्कॅनमध्ये आरामात बसतं. २१६ ची दुप्पट ४३२. त्यातून ३०५ गेले की १२७ मिलिमीटर उरतात, म्हणजे जवळजवळ ५ इंचांचा पट्टा दोन्ही स्कॅनमध्ये सामाईक येतो. अडचण उंचीची आहे. २९७ मध्ये ३०५ मावत नाहीत, ८ मिलिमीटर बाहेर राहतात. पानाच्या कडेला नुसता कोरा कागद असेल, तर वर-खाली ४-४ मिलिमीटर सोडून दोन स्कॅनवर भागवता येतं. नक्षी, मजकूर किंवा फोटो अगदी कडेपर्यंत गेले असतील तर मात्र चार स्कॅन घ्या.

ए-३ स्कॅनर आणला की प्रश्न मिटेल असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याची काच २९७ × ४२० मिलिमीटर असते, त्यामुळे तिथेही तेच ८ मिलिमीटर आडवे येतात. फक्त चाराऐवजी दोन स्कॅन पुरतात. ८ × ८ इंचांचं पान ए-४ काचेवर एकदाच मावतं, साडेआठ × ११ इंचांचंही जेमतेम बसतं. ती पानं जोडायचा प्रश्नच नाही.

दोन स्कॅनमध्ये सामाईक भाग किती ठेवावा?

निदान पाव भाग, आणि जमेल तितका जास्त. यामागचं कारण माहीत असलेलं बरं. बहुतेक स्कॅनरच्या काचेभोवती प्लास्टिकचा थोडा उंच काठ असतो. मोठं पान त्या काठावरून बाहेर जातं तेव्हा काठाजवळ ते काचेवरून किंचित उचललं जातं. तेवढ्या भागात स्कॅन धूसर होतो, थोडा काळवंडतो आणि मापही जरासं बदलतं. ही सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची पट्टी जोडताना टाकून द्यायची असते. सामाईक भाग तेवढाच असेल तर खराब पट्टी खराब पट्टीला जोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. भरपूर असेल तर दोन्ही बाजूंचा स्वच्छ भाग हाताशी असतो.

झाकण निघत असेल तर काढून ठेवा, नसेल तर पूर्ण उघडं ठेवा. पानावर सपाट पुठ्ठा आणि त्यावर हलकं, सारखं वजन ठेवा. बाहेरचा उजेड आत जाऊ नये म्हणून वरून काळं कापड टाका. कागद पातळ असून मागची छपाई उमटत असेल, तर पानामागे काळा कागद लावा.

दुसरा भाग स्कॅन करताना पान उलटं फिरवलं तर चालेल का?

सपाट पान असेल तर चालतं. रिबीन, बटण, जाड कागदाची कापलेली अक्षरं असं काही उठावाचं असेल तर चालत नाही. स्कॅनरचा दिवा बहुतेक वेळा एकाच बाजूने उजेड टाकतो, त्यामुळे प्रत्येक उंच वस्तूची बारीक सावली एकाच दिशेला पडते. पान १८० अंशांत फिरवून दुसरा अर्धा भाग घेतला की त्या भागातल्या सावल्या उलट दिशेला जातात. जोड कितीही नेटका असला तरी डावीकडच्या बटणाची सावली खाली आणि उजवीकडच्याची वर दिसते आणि डोळ्याला काहीतरी खटकत राहतं. हा दोष नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाही. म्हणून पान न फिरवता नुसतं सरकवा.

९० अंशांत तर सपाट पानही फिरवू नका. सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पट्टीच्या, दिशेचं माप आणि सेन्सर ज्या दिशेने सरकतो त्या दिशेचं माप यांत सूक्ष्म फरक असू शकतो. आडवा स्कॅन उभ्याला जोडायला गेलात की एका टोकाला जुळतं आणि दुसऱ्या टोकाला सुटतं.

रिझोल्यूशन किती ठेवू?

मूळ आकारात छापायचं आणि पडद्यावर पाहायचं तर ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल) पुरे. १२ इंचांचं पान तेव्हा ३६०० × ३६०० पिक्सेलचं होतं आणि चोवीस-बिट रंगांत, कॉम्प्रेस न करता, सुमारे ३९ एमबीचं भरतं. छोटे फोटो पुढे मोठे करून पाहायचे असतील, बारीक अक्षरांची कात्रणं असतील तर ६०० डीपीआय घ्या; फाइल चौपट, म्हणजे साधारण १५६ एमबीची होईल. १२०० डीपीआयला हाच आकडा ६२२ एमबीवर जातो आणि जोडताना चार लेअर (एकमेकांवर ठेवलेले तुकड्यांचे थर) एकदम उघडे असतात, हे लक्षात घ्या. कागदावरच्या जुन्या फोटो-प्रिंटमध्ये एवढा तपशील सहसा नसतोच. मी स्वतः ६०० वर थांबते. कोणताही आकडा निवडा, पण एका पानाचे सगळे तुकडे त्याच आकड्यावर घ्या.

स्कॅनरची ऑटो सेटिंग्ज चालू ठेवावीत का?

नाही, आणि याला अपवाद नाही. ऑटो एक्स्पोजर प्रत्येक स्कॅनला त्यातल्या मजकुराप्रमाणे वेगळा उजेड ठरवतं. डावीकडे काळे फोटो जास्त असतील तर तो भाग उजळ येतो, उजवीकडे पांढरा कागद जास्त असेल तर तो गडद येतो, आणि मधल्या जोडावर रंगाची पायरी दिसते. ऑटो रंगसुधारणा, धूळ काढणं, शार्पन (कडा धारदार करणं), सगळं बंद करा. स्कॅनरच्या प्रगत मोडमध्ये जाऊन एकदा मूल्यं ठरवा आणि तीच चारही स्कॅनना वापरा. शार्पन करायचंच असेल तर पान जोडून झाल्यावर, शेवटी. जुना, नळीच्या दिव्याचा स्कॅनर असेल तर तो आधी काही मिनिटं तापू द्या. एलईडीच्या स्कॅनरला त्याची गरज नाही.

पानावर जाड वस्तू चिकटवल्या आहेत. त्या धूसर का येतात?

स्कॅनरचे मुख्य दोन प्रकार आहेत. पातळ, हलक्या, स्वस्त यंत्रांत सहसा सीआयएस सेन्सर असतो. त्याला काचेला चिकटलेलंच स्पष्ट दिसतं. दोन-तीन मिलिमीटर वर असलेलं धूसर होतं. सीसीडी स्कॅनर जाडजूड असतो, पण त्यात भिंग आणि आरसे असल्यामुळे थोडी उंचीही स्पष्ट येते. उठावाच्या पानांसाठी सीसीडीच हवा. आणखी एक काळजी: धातूच्या पिना, क्लिपा काचेवर ओरखडे पाडतात. अशा पानाला सरळ कॅमेरा वापरा.

पान प्लास्टिकच्या कव्हरमध्ये आहे. काढायलाच हवं का?

निघत असेल तर काढा. प्लास्टिकवर धूळ आणि चमक येते, शिवाय काच व प्लास्टिक जिथे टेकतात तिथे इंद्रधनुषी वलयं उमटू शकतात. जुन्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो पानालाच घट्ट बसले असतील तर ओढू नका. फोटो फाटण्यापेक्षा पान आहे तसं टिपलेलं हजारपटीने चांगलं.

जोडायला कोणतं सॉफ्टवेअर वापरू?

फोटोशॉप असेल तर फाइल मेनूतल्या ऑटोमेटमध्ये फोटोमर्ज आहे. तिथे मांडणीचे पर्याय येतात. पर्स्पेक्टिव्ह, सिलिंड्रिकल आणि स्फेरिकल हे निसर्गदृश्यांसाठी आहेत; ते सपाट पानाला वाकवतात. ‘ऑटो’ निवडलं तर यांपैकी एखादं आपोआप लागू होऊ शकतं. आपल्या कामाचे दोनच: रिपोझिशन तुकडे नुसते सरकवतं, कोलाज त्यांना सरकवण्याबरोबर फिरवतं आणि लहान-मोठंही करतं. पान सरळ सरकवून स्कॅन केलं असेल तर रिपोझिशन, किंचित तिरकं झालं असेल तर कोलाज. भिंगाचे दोष दुरुस्त करणाऱ्या पर्यायांसमोरच्या बरोबरच्या खुणा काढून टाका.

फुकट पर्यायांत गिम्प हाताने जोडायला उत्तम आहे. हगिन हे पॅनोरामासाठीचं मोफत सॉफ्टवेअर सपाट स्कॅनही जोडतं, पण ते भिंगाची माहिती विचारतं. तिथे दृश्यकोन १० अंशांसारखा लहान द्या आणि प्रक्षेपण रेक्टिलिनियर (सरळ रेषा सरळच ठेवणारं) ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या इमेज कंपोझिट एडिटरची शिफारस अजूनही ऐकू येते; कंपनीने ते देणं बंद केलं आहे, त्यामुळे ते भलत्या ठिकाणांहून उतरवून घेऊ नका.

आपोआप जोडलं तर नक्षी भलतीकडेच जुळते. असं का होतं?

पानाचा कागद ठिपक्यांचा, चौकड्यांचा किंवा पट्ट्यांचा असेल. सॉफ्टवेअर दोन्ही स्कॅनमधल्या सारख्या दिसणाऱ्या खुणा शोधतं, आणि ठिपक्यांच्या कागदावर प्रत्येक ठिपका दुसऱ्यासारखाच असतो. ते एक ठिपका पुढे किंवा मागे जुळवून मोकळं होतं; कागद बिनचूक दिसतो आणि फोटोची चौकट मात्र तुटते. अशा वेळी हाताने जोडणं लवकर होतं.

हाताने कसं जोडायचं?

गिम्पमध्ये फाइल मेनूतून ‘लेअर म्हणून उघडा’ हा पर्याय घेऊन सगळे तुकडे एकाच चित्रात आणा. कॅनव्हास पूर्ण पानापेक्षा थोडा मोठा करा. वरच्या लेअरचा मोड ‘डिफरन्स’ करा. आता दोन लेअरमधला फरक तेवढा दिसतो: जिथे दोन्ही एकसारखे, तिथे काळं, जिथे जुळत नाहीत, तिथे उजळ रेषा. वरचा लेअर आधी माउसने जवळ आणा, मग बाणाच्या कळांनी एकेक पिक्सेल सरकवा. सामाईक पट्टा काळाभोर होत जातो.

जुळवायला ठिपके धरू नका. फोटोचा कोपरा, हस्ताक्षरातलं एखादं वेलांटीचं टोक, तिकिटावरचा आकडा अशी एकमेव खूण पट्ट्याच्या वरच्या टोकाला एक आणि खालच्या टोकाला एक निवडा. मग काळ्या पट्ट्यात राहिलेल्या उजळ रेषा नीट पाहा, कारण बिघाड कुठला आहे ते त्याच सांगतात. वरपासून खालपर्यंत रेषा सारख्याच जाडीच्या असतील तर लेअर अजून सरकवायचा आहे. वर जुळून खाली रेषा रुंदावत जात असतील तर तो फिरलेला आहे. अंशाच्या दहाव्या-विसाव्या भागाइतका फिरवून पाहा. मधे जुळून दोन्ही टोकांना, किंवा टोकांना जुळून मधे सुटत असेल तर स्कॅनच्या वेळी पान काचेवर सपाट नव्हतं. तिथे ताणाताणी करत बसू नका, तो तुकडा पुन्हा स्कॅन करा. पाच मिनिटांत होतं.

फिरवायचं ते एकदाच, नेमका कोन ठरवून. प्रत्येक फिरवण्याबरोबर पिक्सेल नव्याने काढले जातात आणि बारीक अक्षरं मऊ पडत जातात.

सांधा दिसू नये म्हणून काय करावं?

सरळ उभी रेघ मारून कापलं की सांधा दिसणारच. डोळा सरळ रेघ लगेच पकडतो. मोड पुन्हा ‘नॉर्मल’ करा, वरच्या लेअरला मास्क (लेअरचा कोणता भाग दिसेल आणि कोणता लपेल हे ब्रशने ठरवता येणारा पडदा) लावा आणि सांध्याची वाट स्वतः ठरवा. ही वाट वाकडीतिकडीच असायला हवी. समजा पानाच्या मधोमध एक समूहाचा फोटो आहे, त्याच्या खाली एक तिकीट आणि दोहोंच्या मधे ठिपक्यांचा कागद. सांधा वरून येताना फोटोत शिरू देऊ नका. फोटोच्या उजव्या कडेला पोचा आणि कडेच्या बारीक सावलीतून खाली उतरा. तिथे तसाही रंग बदलतो, म्हणून जोड लपतो. म्हणजे अख्खा फोटो एकाच स्कॅनमधून येईल. पुढे ठिपक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेतून तिकिटापर्यंत जा आणि तिकिटालाही बाहेरूनच वळसा घाला. चेहरा आणि हस्ताक्षर यांतून सांधा कधीच न्यायचा नाही, हा माझा ठाम नियम आहे. एखाद्या अक्षराची वेलांटी अर्ध्या पिक्सेलने तुटली तरी लिहिणाऱ्याचा हात बदलल्यासारखा वाटतो.

ब्रशचा मऊपणाही जागेप्रमाणे बदलतो. कोऱ्या कागदावर मोठा, मऊ ब्रश वापरा, म्हणजे रंगातला किंचित फरक विरून जातो. वस्तूंच्या कडेला लहान, कडक ब्रश. बारीक नक्षीवर मऊ ब्रश फिरवला तर दोन्ही स्कॅन एकमेकांत मिसळतात आणि रेषा दुहेरी दिसतात. फोटोमर्जने आपोआप केलेले मास्कही तपासून घ्या. त्याला चेहरा आणि कोरा कागद यांतला फरक कळत नाही.

शेवटी चित्र १०० टक्क्यांवर ठेवून सांध्याच्या संपूर्ण वाटेवरून एकदा नजर फिरवा.

दोन भागांच्या रंगात फरक आलाच, तर?

आधी पुन्हा स्कॅन करता येईल का ते पाहा. नसेल तर सामाईक भागातला एकच पांढरी जागा निवडा आणि दोन्ही लेअरमध्ये तिचे लाल, हिरवा, निळा हे आकडे आयड्रॉपरने वाचा. एकात २४४, २४०, २२९ आणि दुसऱ्यात २३८, २३६, २२९ असतील, तर दुसऱ्याचा लाल आणि हिरवा कर्व्ह्जमधून (उजळ आणि गडद भाग वेगवेगळे बदलू देणाऱ्या साधनातून) थोडा वर घ्या. असंच एका मध्यम आणि एका गडद जागेवर करा. नुसती ब्राइटनेसची पट्टी ओढून हे साधत नाही, कारण गडद आणि उजळ भाग वेगवेगळ्या प्रमाणात सरकलेले असतात.

स्कॅनरऐवजी कॅमेरा किंवा मोबाईल चालेल का?

उठावाच्या पानांना, आणि बांधीव वही असेल तर कॅमेराच योग्य. बांधीव वही काचेवर दाबली की तिची शिवण सुटते. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० × ४००० पिक्सेलचं चित्र देतो. १२ इंचांचं पान ४००० पिक्सेलच्या बाजूत बसवलं तर इंचाला साधारण ३३३ पिक्सेल मिळतात, थोडी मोकळी जागा सोडली तर ३०० च्या आसपास. म्हणजे एका फोटोत काम होतं, जोडाजोडीच टळते! कॅमेरा पानाला अगदी समांतर हवा, आणि दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, ४५ अंशांत दोन सारखे दिवे. वाइड लेन्स टाळा. ती पानाच्या कडा फुगवते. १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलमधून याच हिशोबाने इंचाला जास्तीत जास्त २५० पिक्सेल मिळतात. पडद्यासाठी पुरतात, मोठ्या छपाईला कमी पडतात.

समोरासमोरची दोन पानं एका चित्रात कशी आणू?

प्रत्येक पान आधी स्वतंत्र पूर्ण करा, सरळ करा, चौकोनी कापा. मग ७२०० × ३६०० पिक्सेलचा कॅनव्हास घेऊन दोन्ही शेजारी ठेवा (३०० डीपीआयच्या १२ इंची पानांसाठी). शीर्षक किंवा एखादी पट्टी एका पानावरून दुसऱ्यावर जात असेल तर तीच जुळवायची खूण. वहीत दोन पानांमध्ये फट असेल तर चित्रातही ती बारीकशी राहू द्या.

सगळी वही एकाच चित्रात दाखवता येईल का?

येईल. समजा २४ पानं आहेत. आडवी ६, उभ्या ४ ओळी, प्रत्येक पान १००० पिक्सेलचं. चित्र ६००० × ४००० पिक्सेलचं होतं आणि ३०० डीपीआयला २० × १३ इंचांच्या आसपास छापता येतं. फोटोशॉपमध्ये ऑटोमेटखालचं ‘कॉन्टॅक्ट शीट’ आणि मोफत इमेजमॅजिकमधली ‘मॉन्टाज’ आज्ञा हे काम आपोआप करतात. फाइलींची नावं पान-००१, पान-००२ अशी शून्यांसह ठेवा, नाहीतर १० वं पान २ ऱ्याच्या आधी येतं. असं चित्र वहीची ओळख करून द्यायला छान, वाचायला नाही.

घडीचं पत्र किंवा उघडणारं पाकीट असेल तर?

पान आधी सगळं बंद ठेवून टिपा, मग एकेक घडी उघडून. मुख्य जोडचित्र बंद अवस्थेतलं करा. उघडलेल्या घड्या त्याच पानाच्या क्रमांकाखाली अ, ब, क अशा वेगळ्या फाइली राहू द्या. उघडलेलं पत्र मुख्य चित्रात चढवलं की त्याखालचं पान झाकलं जातं.

फाटलेला कोपरा एआयने भरून घेऊ का?

मूळ जोडचित्रात नाही. एआय जे भरेल ते त्या पानावर कधीच नव्हतं. फाटलेला कोपरा, डिंकाचा पिवळा डाग, निसटलेल्या फोटोची उरलेली चौकट, हे त्या वहीच्या आयुष्याचा भाग आहे आणि पुढच्या माणसाला ते दिसायला हवं. भिंतीवर लावायला सजवलेली प्रत हवी असेल तर वेगळी करा आणि नावातच ‘दुरुस्त’ असं लिहा.

फाइल कशात साठवू?

जोडलेली मुख्य प्रत टिफ या फाइलप्रकारात. एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन चालेल, त्यात काही गमावत नाही. लेअर आणि मास्कसह एक कामाची प्रत ठेवा, म्हणजे सांधा नंतर हलवता येतो. पाठवायला जेपेग, पण ती नेहमी टिफमधूनच काढा. जेपेग उघडून पुन्हा जेपेग साठवत राहिलात की अक्षरांभोवती कण जमत जातात. रंगांचं प्रोफाइल पडद्यासाठी एसआरजीबी (पडद्यांसाठीची सर्वसाधारण रंगव्यवस्था) ठेवा.

पान जोडून झालं. सुटे स्कॅन पुसून टाकू का?

नका पुसू. आज न दिसलेला बिघाड उद्या मोठ्या प्रिंटवर दिसतो, आणि तेव्हा वही हाताशी असेलच असं नाही. प्रत्येक पानाच्या फोल्डरमध्ये ‘मूळ’ नावाचा उपफोल्डर करून चारही स्कॅन तिथे ठेवा, जोडचित्र त्याच्या बाहेर. सगळ्याच्या तीन प्रती असू द्या: दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि एक दुसऱ्या ठिकाणी.